मामा तलाव

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या एखाद्या कचेरीत पाटबंधाऱ्याचे कागद चाळू लागावे, तर पानोपानी एक मोठा घरगुती शब्द भेटतो : ‘मामा तलाव’. परक्या माणसाला वाटावे, येथल्या कारकुनांना आजोळची फारच ओढ दिसते. मामाचा गाव असतो, मामाची गाडी असते, तसा मामाचा तलावही असावा! खुलासा मात्र अगदी रुक्ष आहे. ‘माजी मालगुजारी तलाव’ हे लांबलचक नाव पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा आला म्हणून कोणी ‘मा. मा. तलाव’ लिहू लागले, पुढे टिंबे गळाली, आणि सहा-सात हजार तलाव एका फटक्यासरशी मामा झाले.

मला हे नाव आवडते. मात्र त्यातल्या दोन्ही ‘मां’शी माझे भांडण आहे. हे तलाव पुरतेपणी मालगुजारी कधीच नव्हते, आणि ‘माजी’ तर ते मुळीच नाहीत. आजही त्यांत पावसाचे पाणी साठते आणि त्या पाण्यावर धान उभे राहते. शिवाय मराठीत ‘मामा बनवणे’ असाही एक वाक्प्रचार आहे, आणि या तलावांच्या कहाणीत त्याचाही थोडा वाटा आहे. फराळाच्या ताटाशेजारी इतिहासाचे पान उघडायचे, तर ते तांदळाच्या मुलखाचे असावे; म्हणून ही कहाणी जरा विस्ताराने सांगतो.

देशावरच्या वाचकाला हे प्रकरण समजायचे, तर आधी तिकडचे धान समजले पाहिजे. भाताच्या पिकाला तिकडे धान म्हणतात, ते ज्या बांधलेल्या तुकड्यात लावतात त्याला बांधी, आणि पाणी देऊन पिकवणे म्हणजे ओलीत. पाऊस वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या घरात, म्हणजे पन्नास इंचांच्या आसपास. नगर-सोलापूरच्या माणसाने हेवा करावा इतका! मग तलावांची एवढी मातबरी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर पंचांगात आहे. मृगाच्या सुमारास पऱ्हे टाकतात, आषाढात रोवणी होते, श्रावण-भाद्रपदात बांध्या भरलेल्या असतात आणि सारा मुलूख हिरव्या आरशासारखा दिसतो. पण धान पोटरीला येते ते सप्टेंबरच्या अखेरीस. तेथून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारणपणे ज्या दिवसांत आपण घट बसवतो त्याच दिवसांत, पिकाला शेवटचे एक-दोन पाणी मिळालेच पाहिजे. हस्ताचा पाऊस पडला तर प्रश्न नाही. तो रुसला तर मात्र चार महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत पळंज होते. हलके धान दिवाळीआधी कापणीला येते, भारी धान दिवाळीनंतर. म्हणजे त्या मुलखातली दिवाळी गोड की कडू, हे हस्त नक्षत्रच ठरवते.

तलाव आहे तो या पंधरा दिवसांसाठी. सारा पावसाळा साठवायचे आणि दहा-पंधरा दिवसांत वाटायचे. आणि त्या दिवसांत सगळ्यांनाच सारखी घाई. पहिले पाणी पाळीजवळच्या बांधीत जायचे की खालच्या टोकाच्या, मोरी कोणी उघडायची, रात्री तिच्यावर कोणी बसायचे, हे जर आधी ठरलेले नसेल तर पाण्याआधी रक्त वाहायचे. तेव्हा तलाव म्हणजे मातीची पाळ आणि तिच्यामागचे पाणी, एवढेच डोळ्यांपुढे आणून भागत नाही. पाळ, मोरी, सांडवा यांच्या इतकाच तो तंट्याविना वाटणी करण्याच्या शिस्तीने बनलेला असतो.

ही शिस्त आली कोठून? चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांपासून सुरुवात करावी लागेल. त्या घराण्यातल्या हीरशहा नावाच्या राजाबद्दल एक परंपरा सांगतात. जो कोणी जंगल तोडून गाव वसवील त्याला ते गाव, आणि जो कोणी तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली जेवढी जमीन भिजेल तेवढी इनाम, असा त्याने पुकारा केला. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी जमाबंदीसाठी त्या भागात हिंडले, तेव्हा ही गोष्ट त्यांच्या कानांवर आली आणि त्यांच्या अहवालांत शिरली. गोंडांना ‘रानटी’ ठरवण्याची हौस असलेल्यांनी या पुकाऱ्याचा थोडा विचार करावा. दानपत्रात कोसांची किंवा बिघ्यांची मोजणी नाही. मोजपट्टी पाण्याच्या हातात दिलेली आहे. ज्याने कच्चे काम केले, त्याची पाळ पहिल्याच पुरात वाहून गेली आणि इनामही तिच्याबरोबर गेले. ज्याने जागा नीट हेरली त्याचे पाणी दूर पोचले आणि तितकी जमीन त्याची झाली. तपासनीस नेमण्याचा खर्च राजाने वाचवला, असेही म्हणता येईल.

या पुकाऱ्याला ज्यांनी खरे उत्तर दिले ते कोहळी. भंडारा आणि चांदा या दोन जिल्ह्यांतली ही लहानशी शेतकरी जात. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे अशीच करून दिली आहे. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना आपल्याला बरोबर आणले, असे कोहळी स्वतः सांगत. काशीहून आल्याच्या कथेवर माझा फारसा विश्वास नाही. आपल्याकडे ज्याला त्याला उत्तरेकडून यायची हौस असते. पण तलावांबद्दल मात्र शंकेला जागा नाही, कारण ते समोर आहेत. नवेगावबांध, सिरेगावबांध, सिवनी हे मोठे तलाव त्यांच्या नावावर आहेत. गावांच्या नावांतच ‘बांध’ येऊन बसला आहे. दुर्बीण नाही, समतलपट्टी नाही, आणि तरी दोन टेकड्यांमधली नेमकी ती खिंड हेरायची, की थोडक्या पाळीत पुष्कळ पाणी अडावे! बाजूच्या कठीण जमिनीवरून सांडवा काढायचा, म्हणजे जादा पाणी पाळीला न खाता निघून जावे. आणि ते जादा पाणी वाया न जाता खालच्या तलावात पडावे, त्याचे त्याच्या खालच्यात. अशा माळा त्या मुलखात जागोजाग आहेत. यांशिवाय ज्याच्या त्याच्या शेतावरच्या लहान तळ्या, त्यांना बोडी म्हणतात, त्या तर विचारूच नका.

नवेगावबांधचा तलाव एकदा पाहावा. सुमारे दहा-अकरा चौरस किलोमीटर पाणी, भोवती टेकड्या, आणि टेकड्यांच्या मधल्या फटी मातीने बुजवलेल्या. कोलू पाटील नावाच्या कोहळ्याने तो बांधला, असे सर्वतोमुखी आहे. भोवतालच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. या बहिणींनी बांधकामात कोलूला हात दिला, असे लोक सांगतात. पुढे लोकांनी कोलूलाच देव केले. कोलासुर या नावाने त्याचे ठाणे तेथल्या डोंगरावर आहे. ‘असुर’ हे नाव ऐकून बिचकू नये, हा असुर पाणी अडवणारा आहे आणि पूजेचा धनी आहे. आपल्याकडे पराक्रमी पुरुषांना देव करण्याची चाल जुनी आहे, परंतु त्यांत तलाव बांधणारे फार थोडे. म्हणून मला हे ठाणे मोठ्या देवळांपेक्षा अधिक बोलके वाटते. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत नवेगावला राहिले आणि त्या पाण्यावरच्या पाखरांना त्यांनी मराठी घरांत आणून सोडले, हे वाचकांना ठाऊक आहेच. १९७५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. उद्यानाच्या फाटकातून आत जाणाऱ्या पुष्कळांना मात्र अजूनही तो तलाव निसर्गाने केलेला वाटतो. कोलू पाटलाच्या कामाला याहून मोठी पावती नसेल!

आता मालगुजार. गोंडांमागून नागपूरकर भोसले आले. १८५४ साली त्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत बनला. भोसल्यांच्या अमलात पाटील हा गावचा सारा गोळा करून भरणारा माणूस होता. १८६० नंतरच्या जमाबंदीत इंग्रजांनी या वसुली करणाऱ्याला गावाचा मालक ठरवले, आणि मालगुजार नावाची संस्था कायद्याने जन्माला आली. गाव त्याचे झाले तसा गावचा तलावही त्याचा झाला. म्हणजे पाहा, ज्यांना आपण मालगुजारी तलाव म्हणतो, त्यांतले कितीतरी मालगुजारीहून जुने आहेत. मालगुजारी जगली उणीपुरी नव्वद वर्षे. नाव मात्र तिने तलावांना कायमचे चिकटवून ठेवले.

सुदैवाने त्या जमाबंदीत आणखी एक कागद तयार झाला. त्याचे नाव वाजिब-उल-अर्ज. नाव फारसी आणि जड असले तरी आत गावच्या साध्या चालीरीती नोंदलेल्या असत : जळणाला लाकूड कोठून घ्यायचे, गुरे कोठे चारायची, आणि तलावाचे पाणी कोणाला, कोणत्या हक्काने. मालकी मालगुजाराची, पण ज्यांच्या बांध्या त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या भिजत आल्या, त्यांचा पाण्यावरचा हक्क या कागदाने मान्य केला. बहुतेक गावांत या पाण्याला पैसा पडत नसे. पैशाऐवजी मेहनत पडे. उन्हाळ्यात पाणी उतरले की पाणी घेणाऱ्या घरांनी पाळीच्या डागडुजीला यायचे. तलावातला गाळ बैलगाड्यांनी आपापल्या शेतात न्यायचा, म्हणजे शेताला खत आणि तलावाला खोली असे दोन्ही साधे. तलावातली मासळी आणि शिंगाडा यांचा व्यवहार ढिवरांशी. गुरांच्या पाण्याला, कपडे धुण्याला कोणाची मनाई नाही.

येथे मालगुजाराची आरती ओवाळण्याचा मोह होतो, आणि तो मी आवरला पाहिजे. ‘काय तो काळ, काय ती माणसे’ असा सूर अलीकडे पुष्कळ लेखांत ऐकू येतो. मालगुजार काही संत नव्हता. त्याची वेठबिगार होती, त्याचे देणे होते, आणि पाळीवर डोक्यावरून माती वाहणाऱ्या पुष्कळांच्या मालकीची त्या पाण्याखाली एक बांधीही नव्हती. काही मालगुजार गावात राहून पाळीवर स्वतः उभे राहत. काही नागपुरात बसून फक्त वसूल मागवीत. ज्याचे स्वतःचे धान त्याच पाण्यावर उभे असे, तो पाळ फुटू देत नसे, एवढे म्हणणे पुरे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ मध्य प्रांताला फार भोवले. त्यांनंतर सरकारला जाग आली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत रामटेकजवळची खिंडसी, घोडाझरी, आसोलामेंढा, बोदलकसा, चोरखमारा असे मोठे तलाव इंजिनियरांनी बांधले. त्यांतले काही पाहण्याजोगे आहेत. पण ते सरकारचे, आणि आपला विषय गावाचा आहे.

१९५१ सालच्या ३१ मार्चला मालगुजारी संपली. मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या मालकी हक्क नष्ट करणाऱ्या कायद्याप्रमाणे त्या दिवशी हे हक्क सरकारकडे गेले. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता, पुढे १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. कायदा न्यायाचा होता, यात मला संशय नाही. कसणारा आणि सरकार यांच्या मध्ये बसलेला दलाल गेला, ते चांगलेच झाले. पण त्या कायद्यात तलावांविषयी एक कलम आहे, आणि ते वाचताना मी दरवेळी थबकतो. लागवडीच्या जमिनीतल्या बोड्या आणि खासगी तळी ज्याची त्याच्याकडे राहिली. पडीक जमिनीवरचे जे तलाव होते, त्यांपैकी ज्यांच्यात मालगुजाराखेरीज दुसऱ्या कोणाचाही ओलिताचा हक्क नव्हता, तेही मालगुजाराकडेच राहिले. उरलेले, म्हणजे ज्यांच्या पाण्यावर गावाचा हक्क होता ते, सरकारजमा झाले.

उद्देश उघड आहे : गावाच्या उपयोगाची वस्तू एका माणसाच्या हातात राहू नये. पण व्यवहारात असे झाले की, ज्या तलावात एकाचाच स्वार्थ होता तो त्या एकाला मिळाला, आणि ज्यात साऱ्या गावाचा स्वार्थ होता तो गावाला न मिळता जिल्ह्याच्या ठिकाणी गेला. ‘मामा बनवणे’ म्हणालो ते यासाठी. कोणी मुद्दाम बनवले असेही नाही. घाईत, चांगल्या हेतूने बनवले.

पुढचे सांगायला वेळ लागत नाही. पाण्याचे हक्क कागदावर राहिले. डागडुजीचे कर्तव्य मात्र ज्याच्या सांगण्यावरून पार पडे तो माणूस गेला, आणि त्याच्या जागी दुसरे कोणी आले नाही. सरकारने पाणीपट्टी मागितली, तेव्हा लोक म्हणाले, हे पाणी आमचे निस्ताराचे, वाजिब-उल-अर्ज काढून पाहा. सरकार म्हणे, पट्टी नाही तर दुरुस्ती कशातून करू? दोघांचेही म्हणणे बिनतोड होते, आणि तोवर पाळ झिजत होती. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. शंभर हेक्टरपर्यंत ओलीत करणारे तलाव त्यांच्याकडे गेले. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांना, तलावाच्या पोटातली जमीन महसूल खात्याच्या नोंदीत, वरचे जंगल वनखात्याचे. पूर्वी जी एकच वस्तू होती तिचे चार कागद झाले आणि चार टेबलांवर गेले. पाणी उतरले की तलावाच्या पोटात गाळपेर करणारे आले, मग पाणी लवकर उतरावे असे त्यांना वाटू लागले, आणि मोरी रात्रीची उघडू लागली. अर्जुनी मोरगाव भागात १९७० साली इटियाडोहचे धरण पुरे झाले. ज्यांच्या शेतापर्यंत त्याची नहर पोचली त्यांना जुन्या तलावाची आठवण राहण्याचे कारण उरले नाही. गाळ साचत गेला, आणि काठाने बेशरम वाढली. कोणी वई म्हणून लावलेली ही परदेशी झुडपे इतकी माजली की लोकांनी त्यांना हे नाव दिले.

येथवरची हकीकत बहुतेक लेखांत येते, आणि तेथेच संपते. खरी गंमत तिच्यापुढे आहे, आणि तिचे नायक जमीनवाले नाहीत.

ढिवर हे तलावाकाठचे मासेमार. जमीन बहुतेकांना नाही, असली तर नावापुरती. मालगुजाराच्या काळात ते त्याच्या मर्जीवर होते, नंतर संस्थेच्या ठेक्यावर. ओलिताची मोरी उघडण्याच्या भांडणात त्यांना कोणी विचारले नाही. पण तलावाचे पोट आतून कोणी ओळखत असेल तर ते हेच. शेतकऱ्याला पाणी हवे म्हणजे ते किती, एवढे पुरते; ढिवराला पाण्यात काय उगवते हे ठाऊक असावे लागते. पाण्याखालच्या वनस्पतींना त्यांच्या बोलीत वेगवेगळी नावे आहेत. एक काठावर उगवते, एक गुडघाभर पाण्यात, एक खोल. कोणत्या झाडीत कोणता मासा अंडी घालतो, हे ज्ञान पोराला बापाकडून मिळते, शाळेत मिळत नाही. काठाच्या उथळ पाण्यात देवधान उगवे. हे रानटी धान, नांगराविना येणारे, म्हणून उपासाला चालणारे. उपासाच्या पदार्थांत आपण वरी-साबुदाण्यापलीकडे जात नाही, त्या मुलखात तलावाने ही सोय करून ठेवली होती.

सहकारी संस्थांना उत्पन्न वाढवायचे होते म्हणून रोहू, कटला, मृगळ असे मोठे मासे तलावांत सोडण्यात आले, पुढे परदेशी गवत्या मासाही आला. कागदावर हिशेब उत्तम होता. परंतु रोहू-कटला हे नदीचे मासे. वाहत्या पाण्यावाचून ते आपणहून विणीला येत नाहीत. साहजिकच दरवर्षी बीज विकत आणणे आले, आणि ते वाढवायचे तर खाद्य आले. मरळीसारख्या गावच्या माशांचे तसे नाही, ते तलावातच जन्मतात, तलावातच मरतात, आणि बाजारात भावही चांगला खातात. गवत्या माशाने पाण्याखालची झाडी फस्त केली. झाडी गेली तशी अंडी घालायची जागा गेली, किडे-गोगलगायी गेल्या, आणि त्यांच्यावर जगणारी पाखरेही कमी झाली. तलाव वरून पाहावा तर भरलेला, आत बोडका.

हे आधी ढिवरांच्याच ध्यानात आले. अर्जुनी मोरगावच्या परिसरात ‘फीड’ या संस्थेच्या मदतीने काही मच्छीमार संस्थांनी जे काम केले, ते सांगायला अगदी साधे आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की तलावात उतरून बेशरम मुळासकट उपटायची. तळाची जमीन नांगरून मोकळी करायची. ज्या तलावांत जुनी झाडी अजून शिल्लक आहे तेथून ती आणून, कोणती किती खोल लागते ते पाहून, धानाची रोवणी करतात तशी रोवायची. घातक मासे सोडायचे नाहीत, आणि विणीच्या दिवसांत जाळे टाकायचे नाही. हे काम पुष्कळसे बायकांनी केले. धानाची रोवणी बायकाच करतात, तेव्हा पाण्यातल्या रोवणीला त्यांच्यावाचून दुसरे कोण तरबेज असणार? तोवर मच्छीमार संस्थांच्या बैठकीत बाईने बसण्याची चाल नव्हती. मासळी बाजारात नेऊन विकायची तिने, आणि तलावाचा निर्णय पुरुषांनी घ्यायचा. रोवणी केलेल्या तलावांत गावचे मासे पुन्हा दिसू लागले, मासळी वाढली, आणि बाया बैठकीला येऊन बसू लागल्या. यांपैकी कोणती गोष्ट अधिक अवघड होती, ते ठरवणे कठीण आहे.

सारस हा पक्षी याच मुलखात उरला आहे. महाराष्ट्रातले बहुतेक सारस गोंदिया जिल्ह्यात, आणि तेही मोजून काही डझन. उंच, राखी, लाल डोक्याचा, जोडीने राहणारा हा क्रौंचकुळातला पक्षी धानाच्या बांधीत आणि तलावाच्या काठच्या गवतात घरटे करतो. पक्षिप्रेमी मंडळी दर उन्हाळ्यात त्यांची मोजदाद करतात, आणि शेतकऱ्यांना घरटी राखण्याची विनंती करत गावोगाव फिरतात. ज्याच्या बांधीत घरटे असेल त्याने तेवढा तुकडा कापणीत मागे ठेवायचा. पुष्कळजण ठेवतात.

सरकारही अगदी स्वस्थ बसलेले नाही. २०१४ साली सुरू झालेल्या जलयुक्त शिवारात या तलावांची दुरुस्ती धरली गेली, २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाने गाळ काढण्याची योजना आली. या दुसऱ्या योजनेचे नाव वाचून जुन्या गावकऱ्यांना हसू आले असल्यास नवल नाही. बैलगाडीच्या जागी खोदयंत्र आले, एवढाच फरक. मात्र यंत्र चालवणाऱ्याला तलावाचे पोट ठाऊक नसते. कोठला गाळ काढावा आणि कोठल्या काठाला हात लावू नये, हे कोणी सांगितले नाही तर तो सरसकट खणतो, आणि काठाच्या उथळ उताराबरोबर देवधानही जाते. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतल्या मासळीवरचा आणि इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क मान्य झाला आहे. दीडशे वर्षांपूर्वी वाजिब-उल-अर्जात जे फारसी मथळ्याखाली लिहिले होते, त्याच जातीची ही नोंद आहे. २००५ सालच्या राज्याच्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनाही पाणी वाटण्याचा अधिकार दिला. या दोन कायद्यांनुसार एकाच तलावावर शेतकऱ्यांची एक संस्था आणि मासेमारांची दुसरी, अशा दोन बसू शकतात. शेतकऱ्याला हस्तात मोरी पूर्ण उघडायला हवी. ढिवराला उन्हाळ्यापुरते पाणी तळाशी राखायला हवे. मालगुजार होता तेव्हा हा तंटा त्याच्या ओसरीवर एका शब्दात मिटे, आणि तो शब्द बहुधा ढिवराच्या विरुद्ध असे.

आता ती ओसरी नाही. हस्ताचा पाऊस चुकला की मोरीपाशी माणसे जमतात. काही गावांत पाणी किती हातांवर आले की मोरी बंद करायची, हे दोन्ही बाजूंनी बसून ठरवले आहे. काही गावांत ग्रामपंचायत ठरवते. आणि काही गावांत अजून, जो आधी पोचेल तो उघडतो.